ग्रामसभेनंतरचे पंधरा दिवस

प्रश्न : आम्ही सात-आठ जण मिळून बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वाचनालय आणि अभ्यासिका चालवतो. आसपासच्या पाच गावांतली मुलं-मुली येतात. नेतृत्व शिबिर घेतलं की साठ जण जमतात, पण ग्रामसभेला त्यांतले दोघंही जात नाहीत. घरचे म्हणतात, राजकारणात पडू नका, भरतीचा अभ्यास करा. आम्हाला तरुणांच्या हक्कांवर आणि राजकीय सहभागावर काम करायचं आहे. सुरुवात कशी करावी? संस्था नोंदवावी का? पैसे कुठून आणावेत? आणि अठरा वर्षांखालच्या मुलांना यात घ्यावं का?

उत्तर :

शिबिराला साठ आणि ग्रामसभेला दोघंही नाहीत, हे तुम्ही लपवलं नाही हे फार बरं केलं. आमच्या संस्थेतही पहिली सहा-सात वर्षं हेच चाललं होतं. आम्ही शिबिरं वाढवत गेलो. संविधानाची उद्देशिका पाठ करून घेतली, पथनाट्यं बसवली, गटचर्चा घेतल्या. मुलं मनापासून यायची आणि घरी जायची. त्यांना माहिती कमी पडते, असं आम्ही धरून चाललो होतो. माहिती त्यांच्याकडे भरपूर होती. ग्रामसभेत उठून बोलणाऱ्याचं पुढं काय होतं, ते त्यांनी लहानपणापासून डोळ्यांनी पाहिलेलं असतं. आम्हाला ते उशिरा कळलं.

म्हणून माझं सगळं उत्तर एका गोष्टीभोवती आहे. तरुण मुलगा किंवा मुलगी सभेत उभी राहते, ते पाच मिनिटांचं काम आहे आणि ते ती स्वतः करते. त्यानंतरचे पंधरा दिवस ती एकटी पडते. तुमच्यासारख्या गटाचं काम त्या पंधरा दिवसांत आहे. ते करायची तयारी नसेल तर मुलांना उभं राहायला सांगू नका.

एक प्रसंग सविस्तर सांगते. गाव आणि नावं सांगत नाही.

एकोणीस वर्षांची मुलगी, बारावी झालेली, आई-वडील ऊसतोडीला जाणारे. आमच्या गटात तिनं ग्रामपंचायतीचा हिशेब वाचायला शिकून घेतला होता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च व्हावा लागतो, हे तिला तिथं कळलं. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत ती उठली. हातात वहीचं फाडलेलं पान होतं, त्यावर तीन ओळी. तिनं एवढंच विचारलं, "भाऊसाहेब, मागच्या वर्षी अंगणवाडीला वजनकाटा आणि सतरंज्या घेतल्या असं लिहिलंय. मी रोज धाकट्या भावाला सोडायला जाते. मला वजनकाटा दिसला नाही. तो कुठं आहे?" ग्रामसेवकांनी प्रोसिडिंगची वही मिटवली आणि म्हणाले, बघून सांगतो. बायका गप्प बसल्या. मागच्या रांगेतल्या एका आजीनं मात्र मोठ्यानं विचारलं, "बघून म्हंजी कधी?" सभा संपली.

आम्ही त्या दिवशी फार आनंदात होतो. संध्याकाळी सातला तिच्या वडिलांना मुकादमाचा फोन आला. मुकादम म्हणजे ऊसतोडीच्या मजुरांची टोळी नेणारा, आणि हा सरपंचांच्या भावकीतला. तो ओरडला नाही, धमकीही दिली नाही. "पोरीला जरा आवरा, दिवाळीच्या तोंडावर उचलीचं बघायचंय" एवढंच म्हणाला. ऊसतोडीच्या घरात उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम, काय असते ते तुम्हाला सांगायला नको. लग्न, दवाखाना, पत्र्याचं छप्पर, सगळं तिच्यावर. त्या रात्री त्या घरात कुणी जेवलं नाही.

आमच्या दोन ज्येष्ठ सहकारी दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेल्या. भाषण करायला नव्हत्या गेल्या. ओट्यावर बसल्या, चहा घेतला, वडिलांचं ऐकून घेतलं. वडील म्हणाले, "पोरगी खोटं बोलली नाही, पण खरं बोलायला आमचीच पोरगी सापडली का?" या प्रश्नाला उत्तर द्यायलाच हवं होतं. पुढच्या आठवड्यात वजनकाट्याबद्दलचा लेखी अर्ज गेला, त्यावर बचतगटातल्या अकरा बायकांच्या सह्या होत्या आणि मुलीची सही मुद्दाम नव्हती. अर्जाची पोच घेतली, शिक्का मारून. अठराव्या दिवशी वजनकाटा अंगणवाडीत आला. त्या दिवाळीत उचलही मिळाली. पण ती मिळाली नसती तर काय करायचं, हेही आम्ही आधी बोलून ठेवलं होतं. दुसऱ्या तालुक्यातल्या एका मुकादमाशी बोलणं झालेलं होतं.

याच्या उलट झालेलं आमच्या हातून आहे, तेही सांगते, कारण त्यातूनच आम्ही शिकलो. काही वर्षं आधी एका मुलानं रस्त्याच्या कामाचा माहिती अधिकाराचा अर्ज एकट्याच्या नावानं टाकला होता. आम्ही त्याचं कौतुक केलं, अहवालात फोटो छापला. महिन्याभरानं त्याला बाजाराच्या दिवशी मारहाण झाली. आम्ही पोलिसांकडे गेलो, वकील दिला, पण तोवर त्याचं गाव सुटलं होतं. तो आता पुण्याकडे कंपनीत आहे. आमचा फोन घेतो, गावचा विषय काढला की गप्प होतो. महाराष्ट्रात हे काही नवं नाही. माहिती अधिकाराचं काम करणारे सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी तळेगाव दाभाडेत खून झाला. ते तर जाणते, अनुभवी कार्यकर्ते होते. विशीतल्या पोरानं एकट्यानं अर्ज टाकावा असं म्हणण्याचा हक्क मला तरी नाही.

आता तुमच्या कामाकडे.

आधी वर्षाचं चक्र बघा. बीडमध्ये काम करणाऱ्यानं पंचांगासारखं ते भिंतीवर लावावं. ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. ग्रामपंचायतीचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून हिवाळ्यापर्यंत तयार होतो. आणि आपली माणसं कारखान्यांवर कधी जातात? दसरा-दिवाळीच्या सुमारास. म्हणजे गावाचा पैसा कशावर खर्च करायचा हे ठरतं, तेव्हा निम्मं गाव कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीत असतं. परत येतात मार्च-एप्रिलमध्ये, तोवर कागद होऊन गेलेले असतात. मतदार यादीचंही तेच. यादीच्या पुनरीक्षणाचा मोठा कार्यक्रम बहुतेक वेळा दिवाळीच्या आगेमागे येतो, यादी तपासणारे बीएलओ घरी येतात तेव्हा दाराला कुलूप असतं. तरुण उदासीन आहेत असं म्हणणाऱ्यांनी आधी हे कुलूप बघावं.

म्हणून तुमचं खरं काम १ मे ते २ ऑक्टोबर या पाच महिन्यांत आहे. या काळात आराखड्यात काय हवं ते मुलांनी वस्तीवर फिरून लिहून काढायचं, १५ ऑगस्टच्या सभेत मांडायचं आणि २ ऑक्टोबरला ठराव झाल्याची खात्री करून मगच माणसं गाडीत बसवायची. हंगामात मागं राहणाऱ्या मुला-मुलींनी २६ जानेवारीला जाऊन बघायचं की ठरलेलं आराखड्यात आहे की गळालं.

ग्रामसभेबद्दल दोन गोष्टी पक्क्या माहीत असू द्या. एक, नोटीस सात दिवस आधी लागते. दोन, गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यातली लहान संख्या लागते, पण गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेला ती अट राहत नाही. बऱ्याच गावांत पहिली सभा मुद्दाम पडू देतात आणि दुसरी पाच-पंचवीस जणांत उरकतात. त्यामुळं मुलांना "ग्रामसभेला या" म्हणताना तहकूब सभेची तारीखही सांगा. तिथंच सगळं ठरतं.

हिशेब वाचायला शिकवणं हे शिबिरापेक्षा शंभर पटीनं कामाचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीचं उदाहरण घ्या. ६० टक्के बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित. हे कळलं की "रस्त्याला पैसा नाही" आणि "पाण्याला पैसा नाही" या दोन उत्तरांत फरक काय, ते मुलांना आपोआप समजतं. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर प्रत्येक ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. मोबाइल प्रत्येकाच्या हातात आहे. तुमच्या अभ्यासिकेत आठवड्यातून एक तास ठेवा, पाच गावांचे पाच गट करा, आणि प्रत्येकानं आपल्या गावाचं एकच काम निवडून कागदावरचं आणि जागेवरचं ताडून बघावं. स्वतःच्या पायांनी जाऊन. आमच्या एका गटाला कागदावर पूर्ण झालेली गटार गावभर शोधूनही सापडेना, तेव्हा जो काही अभ्यास त्यांनी केला तो कुठल्याही शिबिरात झाला नसता.

माहिती अधिकाराचा अर्ज लागलाच तर लक्षात ठेवा, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस, नंतर पहिलं अपील. माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. अर्ज व्यक्तीच्या नावानंच करावा लागतो, म्हणून तोच अर्ज पाच-सहा गावकऱ्यांनी वेगवेगळा करावा. त्यात दोघे पन्नाशीपुढचे असावेत. एकाच्या अंगावर येणारं वजन सहा जणांत वाटलं जातं.

घरच्यांची भीती हा तुमच्या पत्रातला सगळ्यात मोठा मुद्दा आहे, आणि मला वाटतं तुम्ही त्याला थोडं हलकं घेतलंय. "भरतीचा अभ्यास करा" असं म्हणणारी आई मागासलेली नाही. तिला ठाऊक आहे की पोलीस भरतीत किंवा स्पर्धा परीक्षेनंतर चारित्र्य पडताळणी होते आणि अंगावर गुन्हा असला की पोराच्या चार वर्षांच्या पळण्यावर पाणी पडू शकतं. आणि गुन्हा दाखल होणं किती सोपं आहे ते बघा. जिल्ह्यात वर्षातले कितीतरी दिवस महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचा जमावबंदीचा मनाई आदेश लागू असतो. पाच जण घोषणा देत तहसीलसमोर उभे राहिले तरी तो आदेश मोडल्याचं कलम १३५ लागू शकतं. मोठ्यांना त्याचं काही वाटत नाही, बावीस वर्षांच्या मुलाचं आयुष्य अडकतं.

यावर आम्ही केलेली सोय अशी. आमच्या गटात कामं वाटलेली असतात. भरती किंवा परीक्षा देणारे कागदाचं काम करतात, हिशेब, नकाशे, अर्ज लिहिणं, यादी तपासणं. निवेदन द्यायला, धरणं धरायला ज्यांना ही अडचण नाही ते जातात, आणि बरोबर आम्ही मोठे असतोच. परवानगी लेखी मागतो, पोच ठेवतो. मोर्चाच्या आदल्या दिवशी मनाई आदेश आहे का ते पोलीस ठाण्यात विचारून घेतो. वकिलाचा नंबर मुलांच्या मोबाइलमध्ये नव्हे, तळहातावर पेनानं लिहिलेला असतो, कारण मोबाइल काढून घेतात. आणि आई-वडिलांना हे सगळं आधी सांगतो. आमच्या अनुभवात, सांगितलं की तीन घरांतली दोन तरी हो म्हणतात.

परीक्षा देणारी मुलं राजकारणापासून लांब असतात, असं समजू नका. मार्च २०२१ मध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढं ढकलली गेली आणि पुण्यात शेकडो विद्यार्थी रस्त्यावर उतरले. १४ मार्चची परीक्षा मग २१ मार्चला झाली. त्या मुलांपाठीमागं त्या घडीला कुठली संस्था नव्हती. स्वतःच्या आयुष्याशी जोडलेला प्रश्न समोर आला की तरुण उतरतातच. आपण त्यांना आपले विषय देतो आणि ते आले नाहीत की हळहळतो. तुमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना विचारा तर खरं, त्यांचा विषय कोणता. एसटीच्या वेळा असतील. शिष्यवृत्ती अडकलेली असेल. मुलींसाठी संध्याकाळी सहानंतर अभ्यासिकेतून घरी जायचा रस्ता असेल. हेच राजकारण आहे, आणि इथूनच ग्रामपंचायत, पंचायत समिती, आगार व्यवस्थापक, समाजकल्याण कार्यालय अशी एकेक पायरी कळत जाते.

पक्षांबद्दल तुमचं धोरण पहिल्याच महिन्यात ठरवा. गावातला तरुण आजही राजकारणात आहेच. फ्लेक्सवर त्याचा फोटो आहे, रॅलीत त्याची मोटारसायकल आहे, निकालाच्या दिवशी गुलाल तोच उधळतो. त्याला फक्त निर्णयात जागा नाही. म्हणून मी मुलांना पक्षापासून लांब राहा असं कधीच सांगत नाही. ज्याला ज्या पक्षात जायचं त्यानं जावं, पण वॉर्डातल्या पाण्याचा हिशेब हातात घेऊन जावं. गट म्हणून मात्र आम्ही कुणाच्या मंचावर बसत नाही आणि निवडणुकीच्या वर्षात कुणाही इच्छुकाकडून जर्सी, पुस्तकं, पाण्याचा जार, काहीही घेत नाही. एकदा घेतलं की वीस वर्षं तेच ऐकावं लागतं.

निवडणूक लढवायची म्हणणारी मुलं तुमच्यातून निघतील, निघावीत. मतदानाचं वय ६१ व्या घटनादुरुस्तीनं १९८९ मध्ये २१ वरून १८ झालं. ग्रामपंचायत लढवायला मात्र २१ पूर्ण लागतात, विधानसभेला २५. ग्रामपंचायतीत महिलांना ५० टक्के जागा राखीव आहेत, तेव्हा एकविशीतल्या मुली शोधायला लोक दारात येतात. पण नाव तिचं आणि कारभार दुसऱ्याचा, असा बेत त्यामागं असतो. अशा मुलीबरोबर आधी दोन वर्षं काम झालेलं असेल तरच ती सहीच्या आधी कागद वाचते. आणि एक रुक्ष वाटणारी गोष्ट, जिनं आमची एक चांगली सदस्य घालवली. निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब ठरलेल्या मुदतीत, म्हणजे निकालापासून तीस दिवसांत द्यावा लागतो. हरलेल्यानंही द्यायचा, बिनविरोध आलेल्यानंही. नाही दिला तर अपात्रता येते. गुलाल धुऊन झाला की दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसवा.

मतदार नोंदणीवर थोडक्यात सांगते, कारण यावर बाकी संस्था भरपूर काम करतात. २०२२ पासून वर्षात चार पात्रता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाली का हे धरण्याच्या तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेली मुलं आगाऊ नमुना ६, म्हणजे नाव नोंदणीचा अर्ज भरू शकतात. अकरावी-बारावीच्या वर्गात जून-जुलैमध्येच हे करून घ्या. लग्न होऊन आलेल्या सुनांचं नाव माहेरच्या यादीत राहतं, त्यांच्यासाठी पत्ता बदलाचा नमुना ८. एक मात्र मुलांना स्पष्ट सांगा. स्थानिक निवडणुकीत राज्य निवडणूक आयोग वेगळी यादी करत नाही, विधानसभेची एका ठराविक दिवसाची यादी घेतो. २०२५ च्या स्थानिक निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली, त्यामुळं त्या ऑगस्टात अठरा पूर्ण केलेल्यांना डिसेंबरातही मत देता आलं नाही. त्याआधी तर बहुतेक जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपून तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक बसले होते. २०२२ मध्ये अठरा झालेल्या मुलीनं आपला जिल्हा परिषद सदस्य निवडण्याआधी एकविशी गाठली. तिनं "मत देऊन काय होतं" म्हटलं तर तिला नावं ठेवू नका. तिला सदस्यच नव्हता.

अठरा वर्षांखालच्यांना घ्यावं का? घ्यावं, पण वेगळ्या तऱ्हेनं. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्यता दिली, आणि त्याचं कलम १२ सांगतं की मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं म्हणणं ऐकलं जावं. ग्रामसभेच्या आधी बालसभा घ्यायची तरतूद विकास आराखड्याच्या सूचनांत आहे. पाचवी-सातवीच्या मुलांनी सांगितलेल्या गोष्टी फार नेमक्या असतात. आमच्याकडे एका बालसभेत मुलांनी शाळेच्या शौचालयाला आतून कडी हवी, एवढीच मागणी केली होती. मुली दुपारनंतर घरी का जातात हे मास्तरांना तोवर कळलं नव्हतं. अशी मागणी ग्रामसभेत मोठ्या माणसानं, बालसभेचा ठराव म्हणून मांडायची. मुलाला माइकसमोर उभं करून टाळ्या घ्यायच्या नाहीत, त्याचा फोटो नाव-गावासह समाजमाध्यमावर टाकायचा नाही.

आपल्या जिल्ह्यात पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा पहिला हक्क म्हणजे लग्न न होण्याचा. हंगामाआधी कोयत्यासाठी, म्हणजे नवरा-बायकोनं मिळून ऊस तोडायला, जोडी हवी म्हणून लग्नं उरकली जातात, हे तुम्ही जाणताच. अशा वेळी सहभाग, नेतृत्व हे शब्द पोकळ वाटतात. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिला पाठ असणं आणि फोन केल्यावर तिला ठेवायला एक घर तुमच्याकडे असणं महत्त्वाचं. गावपातळीवर ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतात. ज्या ग्रामसेवकाला आपण वजनकाट्याचा जाब विचारतो, त्याच्याकडेच लग्न थांबवायला जावं लागतं. म्हणून भांडण कामाशी ठेवा, माणसाशी संबंध तोडू नका. आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं. आमचे वजनकाट्याचे भाऊसाहेब पुढच्या वर्षी रात्री साडेदहाला आमच्याबरोबर एका मांडवात आले होते.

नोंदणी लगेच करू नका, हे माझं मत. वर्षभर गट म्हणून काम करा. खरोखर टिकलात तर सात जण मिळून धर्मादाय कार्यालयात नोंदणी होते, त्यात अवघड काही नाही. अवघड पुढं असतं. दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल आणि कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. या चेंज रिपोर्टच्या कंटाळ्यापायी महाराष्ट्रातल्या कितीतरी "युवक" संस्थांच्या कार्यकारिणीत साठीचे लोक आहेत. तरुणांच्या नावानं काम करायचं आणि सहीचा अधिकार मात्र आपल्याकडे ठेवायचा, हे मुलांना लगेच दिसतं. घटनेतच लिहून घ्या की सातांतले किमान तीन जण तिशीखालचे असतील आणि बँकेतल्या दोन सह्यांपैकी एक त्यांच्यातली. आम्ही हे केलं तेव्हा आमच्यातल्याच दोघांना फार जड गेलं. त्यातली एक मी होते.

पैशांबद्दल. पहिल्या वर्षाला फार पैसे लागत नाहीत. झेरॉक्स, प्रवास, चहा, कोर्ट फी स्टॅम्प. ते गावातून जमवा, दहा-वीस रुपयांनी, आणि जमाखर्च अभ्यासिकेच्या दारावर लावा. ग्रामपंचायतीला हिशेब मागणाऱ्यांचा हिशेब दारावर असला की निम्मी तोंडं बंद होतात. परदेशी निधीच्या मागं आता लागू नका. त्याचे नियम कडक आहेत आणि २०२० नंतर आणखी कडक झालेत. आंदोलन केलं की संस्था राजकीय ठरते, अशी भीती कुणी घातली तर एवढं माहीत असू द्या. ६ मार्च २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेनं लोकांच्या प्रश्नासाठी बंद किंवा हरताळासारख्या मार्गांना पाठिंबा दिला, एवढ्यावरून तिचा परदेशी निधी अडवता येणार नाही. पण प्रकल्पाच्या पैशाला मुदत असते आणि मुदतीच्या आत किती "युवा नेते" घडवले याचा आकडा द्यावा लागतो. वजनकाट्याच्या मुलीला मी कुठल्या रकान्यात लिहिणार होते?

एक जागा जाऊन बघा म्हणून सुचवते. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). २००९ मध्ये अठराशेहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवलेलं गाव म्हणून सगळे त्याला ओळखतात. मला तिथला अभ्यास गट जास्त महत्त्वाचा वाटतो. विषय समजून घ्यायला अभ्यास गट आणि ठरवायला ग्रामसभा, अशी त्यांनी विभागणी केली. अभ्यास गटात कुणीही बसावं, शंका काढाव्यात, बाहेरच्यालाही बोलवावं. तिथं निर्णय नसतो म्हणून तिथं भांडणही नसतं. तरुण मुलाला मोठ्यांपुढं चुकायला जागा मिळते ती तिथंच. तुमच्याकडे अभ्यासिका आयती आहे. रविवारचे दोन तास तिच्यात घाला, गावातली चार जुनी माणसंही बोलवा. एक निवृत्त तलाठी मिळाला तर सोन्याहून पिवळं.

येत्या १ मेला सगळ्या पाच गावांत जाऊ नका. एक गाव घ्या, एक प्रश्न घ्या, ज्याला सहा महिन्यांत उत्तर मिळू शकतं असा. सभेआधी मुलांबरोबर बसून तीन नावं लिहा. प्रश्न विचारणारं कोण, त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या घरी जाणारं कोण, आणि आठ दिवसांनी दुसऱ्या सह्यांचा अर्ज घेऊन जाणारं कोण. तिन्ही नावं भरली असतील तर जा. दुसरं किंवा तिसरं नाव रिकामं असेल तर १५ ऑगस्टपर्यंत थांबा, तेवढ्यात माणसं मिळतात. आणि मधल्या काळात अडलं तर मला कळवा. बीडला माझं महिन्यातून एकदा येणं असतं, एक संध्याकाळ तुमच्या मुलांबरोबर बसेन.